सांगणे आणि मोजणे : 'टेल' या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

मी आठ-दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा बँकेत गेलो. तालुक्याच्या गावची बँक. लाकडी कठडा, त्यावर पितळी जाळी आणि जाळीवर देवनागरीत रंगवलेली पाटी : 'टेलर'. आमच्या गल्लीत एक टेलर होते, त्यांच्या दुकानावरही हाच शब्द हाच अक्षरांत होता. मी वडिलांना विचारले, "बँकेत शिंपी कशाला?" वडील म्हणाले, "गप्प बस, ते पैसे देणारे साहेब आहेत."

पुढे हायस्कुलात इंग्रजीची स्पेलिंगे पाठ करू लागलो तेव्हा कळले की शिंपी वेगळा आणि बँकेतला टेलर वेगळा. पण त्याने कोडे सुटले नाही, उलट वाढले. कारण बँकेतला टेलर 'टेल' या क्रियापदावरून आलेला, आणि 'टेल' म्हणजे सांगणे हे तर पाचवीच्या पुस्तकातच होते. मग जाळीमागचे साहेब काय सांगत होते? ते तर तोंडातून अक्षर न काढता नोटा मोजत होते.

या प्रश्नाचे उत्तर मला पंचविशीत मिळाले, पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत सापडलेल्या स्कीट यांच्या इंग्रजी व्युत्पत्तिकोशात. महाविद्यालयात मी भाषाशास्त्र शिकलो नाही. जे काही आले ते अशा पाठपुठ्ठा गेलेल्या कोशांतून, आणि लोकांनी चुका दाखवल्या त्यातून. त्यातली एक चूक पुढे सांगणार आहे, कारण तिचा या विषयाशी जवळचा संबंध आहे.

उत्तर असे की जाळीमागचे साहेब त्या क्रियापदाचा जुना अर्थ जगत होते. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, हे क्रियापद 'टेल्लन' असे होते आणि त्याचे अर्थ होते : मोजणे, हिशेब करणे, गणती करणे, अमुक एक समजणे किंवा मानणे, आणि वृत्तान्त सांगणे. आज आपण जो अर्थ मुख्य धरतो तो त्या काळी अनेकांपैकी एक होता. याच घराण्यातले नाम म्हणजे गोष्ट या अर्थाचा 'टेऽल'. (देवनागरीत क्रियापद आणि नाम दोन्ही 'टेल'च होतात, म्हणून नामाला मी अवग्रह लावतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) या नामालाही एके काळी आकडा, एकूण संख्या असा अर्थ होता.

याचा उत्तम पुरावा 1611 साली प्रसिद्ध झालेल्या राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलात आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव अब्रामाला तंबूबाहेर नेऊन आभाळ दाखवतो आणि तारे मोजता येतात का पाहा म्हणतो, तिथे मोजण्यासाठी 'टेल' हेच क्रियापद आहे. निर्गमाच्या पुस्तकात मिसरचा राजा हुकूम काढतो की इस्रायली मजुरांना विटांसाठी पेंढा पुरवू नका, तो त्यांनी स्वतः गोळा करावा, पण विटांची ठरलेली संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये. या संख्येला तिथे 'टेऽल' म्हटले आहे. आजचा इंग्रज वाचक तिथे क्षणभर अडखळतो. विटांची कसली गोष्ट, असे त्याला वाटते. ज्या मजुरांना रोज ती भरून द्यावी लागत होती त्यांना तसे वाटले नसते.

शेजारच्या भाषांत मोजणे आणि सांगणे अजून एका घरात नांदताना दिसतात. जर्मनमध्ये 'त्साल' म्हणजे संख्या, 'त्सेलेन' म्हणजे मोजणे, 'त्सालेन' म्हणजे पैसे चुकते करणे आणि 'एर्त्सेलेन' म्हणजे गोष्ट सांगणे. इंग्रजीतल्या शब्दारंभीच्या 'ट'ला जर्मनमध्ये 'त्स' येतो हा नियमच आहे : टू-त्स्वाय, टेन-त्सेन, टंग-त्सुंगे. त्या नियमाने टेल-त्सेलेन ही जोडी बिनतक्रार बसते. डचमध्ये 'टेलन' म्हणजे मोजणे, 'फरटेलन' म्हणजे सांगणे आणि 'ताल' म्हणजे चक्क भाषा. स्वीडिशमध्ये 'ताल' हा एकच शब्द संख्या आणि भाषण या दोन्ही अर्थांनी चालतो; सभेत पाहुण्याने केले तेही ताल आणि गणिताच्या वहीत असते तेही ताल.

सगळ्यांत गंमत आइसलँडची. त्या चिमुकल्या देशाला परके शब्द घ्यायला आवडत नाही. काँप्युटरला नाव हवे झाले तेव्हा 1965 साली सिगुर्दुर नोर्दाल या विद्वानांनी संख्या या अर्थाचा 'ताला' आणि भविष्य सांगणारी स्त्री या अर्थाचा 'वोल्वा' असे दोन शब्द एकत्र करून 'तोल्वा' घडवला. आकड्यांची भगतीण म्हणा हवे तर. आपण 'संगणक' केला तो 'गणक'वरून, आणि संस्कृतात गणक म्हणजे हिशेबनीसही आणि ज्योतिषीही. दोन टोकांवरच्या दोन समाजांनी एकाच यंत्राला नाव देताना मोजणाऱ्याला आणि भविष्य सांगणाऱ्याला एकत्र बसवले, हे मला त्या यंत्रापेक्षा अधिक नवलाचे वाटते.

मग इंग्रजीत 'टेल'चा मोजण्याचा अर्थ गेला कुठे? याला जबाबदार 1066 सालचे नॉर्मन. त्यांच्याबरोबर फ्रेंच राज्यकारभाराची, न्यायालयाची आणि वसुलीची भाषा झाली. जिंकल्यावर वीस वर्षांत, 1086 मध्ये, विजेत्या विल्यमने सगळ्या मुलखाची पाहणी करवली. कोणाची किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या. ती बाडे मात्र लॅटिनमध्ये लिहिली गेली. पुढे चौदाव्या शतकापर्यंत फ्रेंचमधून 'काउंट' आणि 'नंबर' हे शब्द इंग्रजीत रुळले आणि मोजणीचे काम त्यांनी उचलले. 'टेल'कडे बोलणे तेवढे उरले. भाषेत हे नेहमीचे आहे. नवा कारकून आला की जुन्याच्या टेबलावरच्या फायली हलतात.

आता 'काउंट'चे मूळ बघा. लॅटिनमध्ये 'कोम्पुतारे' म्हणजे हिशेब करणे. त्याचे फ्रेंचमध्ये 'कोंते' झाले आणि त्याला मोजणे आणि सांगणे असे दोन्ही अर्थ आले. पुढे लिहिणाऱ्यांनी मोजण्याला एक स्पेलिंग आणि गोष्ट सांगण्याला दुसरे दिले, उच्चार मात्र आजही एकच आहे. म्हणजे मोजण्या-सांगण्याच्या इंग्रजी शब्दाला ज्याने हटवले तोही मोजण्या-सांगण्याचाच निघाला! स्पॅनिशमध्ये 'कोन्तार' आजही दोन्ही कामे करतो. पोर्तुगीजमध्येही तसेच. तिथे 'कोन्तो' म्हणजे गोष्ट, आणि युरो येईपर्यंत हजार एस्कुदोंनाही बोलण्यात कोन्तोच म्हणत. आपल्या गोव्यात साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या या भाषेत 'कोन्ताश' म्हणजे हिशेब आणि कोन्ताश म्हणजेच जपमाळेचे मणी.

माळेवरून आठवले. इंग्रजीत माळ ओढण्याला मणी 'टेल' करणे म्हणतात, म्हणजे मणी मोजणे; मण्यांना काही सांगणे नव्हे. आणि मण्याला जो 'बीड' शब्द आहे त्याचा मूळ अर्थ प्रार्थना असा होता. प्रार्थना मोजता मोजता जिच्या आधाराने मोजायची त्या वस्तूलाच ते नाव चिकटले. आपली एकशे आठ मण्यांची माळ हेच करते. ओठ नाव घेतात, बोटे मोजतात, आणि मेरुमणी आला की दोन्ही थांबतात. यात सांगणे कुठे संपते आणि मोजणे कुठे सुरू होते हे माझ्या आजीला विचारले असते तर तिने मला वेड्यात काढले असते.

जुना अर्थ काही कोपऱ्यांत मात्र टिकला. 'अनटोल्ड' संपत्ती म्हणजे न सांगितलेली नव्हे, अगणित. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून. ब्रिटिश पार्लमेंटात मतविभागणी होते तेव्हा सभासदांची डोकी मोजणाऱ्यांना आजही टेलर म्हणतात. आणि टिकला राजाच्या खजिन्यात. तिथे चार टेलर असत. पैसा घेणे, मोजणे आणि देणे हे त्यांचे काम. आपल्याकडच्या पोतदारासारखे, फक्त पोतदार नाणे पारखूनही घेई. सतराव्या शतकात या चार टेलरांपैकी एक होते जॉर्ज डाउनिंग. आज ब्रिटनचे पंतप्रधान ज्या गल्लीत राहतात तिला यांचेच नाव आहे. या डाउनिंगसाहेबांच्या हाताखाली एक तरुण कारकून होता, त्याने 1660 च्या पहिल्या दिवसापासून रोजनिशी लिहायला घेतली. तो सॅम्युअल पीप्स. साडेनऊ वर्षे त्याने लंडनचे राजकारण, प्लेग, आग, बायकोशी भांडणे आणि स्वतःच्या लबाड्या लिहून काढल्या. मधूनमधून आपली एकूण पुंजी किती झाली याचा हिशेबही मांडला. टेलरच्या कचेरीतून इंग्रजीतला एवढा मोठा सांगणारा निघावा, हा योगायोग असेल. मला तो आवडतो.

खजिन्याची ही टेलरपदे 1834 साली रद्द झाली. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला तिथल्या निरुपयोगी झालेल्या हिशेबाच्या काठ्या पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळायला घातल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की पार्लमेंटची जुनी इमारत बहुतेक जळून गेली. या काठ्यांना 'टॅली' म्हणत. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरून अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. पुढे दोन्ही जुळवून पाहिल्या की कोणाला खाच वाढवता येत नाही. कागदी पावतीहून ही व्यवस्था फारशी वाईट नव्हती.

आता माझी चूक. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत मी 'टेल'वर बोललो. बोलण्याच्या भरात म्हणालो की टेल, टॅली आणि रस्त्यावरचा टोल ही सगळी सख्खी भावंडे. आणि एवढ्यावर न थांबता टॅली म्हणजे आपला 'ताळा' असेही ठोकून दिले. गणिताचा ताळा, ताळेबंद, ताळमेळ! टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त शिक्षक काठी टेकत आले आणि म्हणाले, "आवाज जुळला म्हणजे नाते जुळले असे नाही. मधल्या पायऱ्या दाखवा. नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी गुण देत नसे." मला राग आला. घरी जाऊन कोश उघडले आणि राग शरमेत बदलला.

टॅली हा लॅटिन 'तालेआ'पासूनचा. तालेआ म्हणजे कापलेली काडी, काठीचा तुकडा. टोल बहुतेक अभ्यासकांच्या मते लॅटिनमार्गे ग्रीक 'तेलोस'कडे, म्हणजे कराकडे, जातो. 'टेल' मात्र अस्सल जर्मानिक. तिन्ही घरे वेगवेगळी, पैशाच्या बाजारात शेजारी राहिल्यामुळे तोंडावळा सारखा वाटतो एवढेच. ताळ्याचा तर या कोणाशीच संबंध दाखवणारी एकही पायरी माझ्याकडे नव्हती. पण त्या रात्री एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. याच तालेआपासून कापणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्याच्यापासून फ्रेंचमार्गे कापड कापणारा, म्हणजे आमच्या गल्लीतला टेलर! 'डिटेल' आणि 'रिटेल'ही त्याच कात्रीतून निघालेले. म्हणजे शिंपी बँकेतल्या टेलरचा कोणी नव्हता, पण खजिन्यात त्या टेलरच्या शेजारी ठेवलेल्या काठ्यांचा तो नातलग होता. लहानपणीचा माझा प्रश्न अगदीच बावळट नव्हता. ते शिक्षक त्यानंतर दोन वर्षांत वारले. हे त्यांना सांगायचे राहून गेले.

'टेल'चे खरे भावंड कोणी असेल तर ते 'टॉक'. तेराव्या शतकाच्या सुरुवातीस हे क्रियापद इंग्रजीत दिसू लागते. त्यातला शेवटचा 'क' पुन्हा पुन्हा करण्याचा प्रत्यय मानतात. 'हिअर'चे 'हार्क' आणि 'स्टील'चे 'स्टॉक' झाले तसेच हे. म्हणजे सारखे सारखे टेल करणे ते टॉक. एकदा सांगितले तर सांगणे, परत परत सांगितले तर गप्पा.

आता इकडे येऊ. संस्कृतात 'ख्या' हा धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ सांगणे, प्रकट करणे असा दिला आहे. वेदांत त्याला पाहणे, दिसणे असाही अर्थ आहे. या ख्याला 'आ' लावला की आख्यान, 'वि' आणि 'आ' लावला की व्याख्यान, आणि 'सम्' लावला की संख्या! आख्यान सांगायचे, संख्या मोजायची, धातू एक. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला 'संख्यायक' म्हटले आहे आणि त्याच्याबरोबर लेखक आणि नाणी पारखणारा रूपदर्शक येतो. बँकेतल्या जाळीवर 'संख्यायक' अशी पाटी लावली असती तर भाषांतर इतके नेमके झाले असते की कोणालाच कळले नसते.

इथे 'ख्या' आणि 'टेल' यांचे नाते आहे असे मी म्हणत नाही. त्या शिक्षकांची काठी अजून आठवते. हिब्रूतही हेच घडले आहे आणि ती तर वेगळ्याच भाषाकुळातली : 'साफार' म्हणजे मोजले, 'सिप्पेर' म्हणजे सांगितले, 'मिस्पार' म्हणजे संख्या, 'सिप्पूर' म्हणजे गोष्ट, आणि 'सेफेर' म्हणजे पुस्तक. एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या भाषा एकाच ठिकाणी पोचल्या. त्यामुळे 'माणूस आधी मोजायला शिकला, गोष्टी नंतर आल्या' असे जे काही लोकप्रिय पुस्तकांतून ठासून सांगितले जाते ते मला पटत नाही. या शब्दांच्या तळाशी दिसते ती एकच कृती : एकेक वस्तू क्रमाने उचलून तिचे नाव घेत पुढे जाणे. मेंढरे असतील तर ती गणती, घटना असतील तर तो वृत्तान्त. कोणतेही गाळायचे नाही, कोणतेही दोनदा घ्यायचे नाही, ही अट दोन्हीकडे सारखी.

महाभारताच्या वनपर्वात ही अट एका झाडाखाली दिसते. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून आपल्या विदर्भाकडे रथ पिटाळतो आहे आणि सारथी आहे बाहुक, म्हणजे वेषांतर केलेला नल. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा सहज म्हणतो, खाली पडलेल्या पानाफळांत आणि झाडावरच्यांत एकशे एकाचा फरक आहे. या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि 2095 फळे आहेत. नल रथ थांबवतो. उशीर होतोय असे राजा सांगत असतानाही हटून बसतो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग विद्यांची अदलाबदल होते, राजा नलाला फाशांचे रहस्य देतो आणि नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. बेहड्याचीच फळे जुगारात फासे म्हणून वापरत, हे ध्यानात घेतले की झाडाची निवड उगीच नव्हती हे कळते. आणि ही कथा सांगणारे बृहदश्व ऋषी कोणाला सांगताहेत? फाशांत सर्वस्व घालवून वनात बसलेल्या युधिष्ठिराला. सांगून झाल्यावर तेही त्याला तीच फाशांची विद्या देतात. आख्यान आणि संख्यान, दोन्ही एकाच बैठकीत.

आपल्या रोजच्या मराठीत याचे अवशेष कमी नाहीत. कोणी तक्रारींचा 'पाढा' वाचतो. पाढा खरे तर अंकांचा. जुन्या इंग्रजी 'टेल्लन'ला 'मानणे' हा अर्थ होता असे वर म्हटले, तो आपल्याकडे धडधाकट आहे : तो कोणाला मोजत नाही, आम्ही त्याच्या खिजगणतीतही नाही. इंग्रजीत हे काम आता 'काउंट' करतो. आणि हे ज्यात छापले जाते आहे तो 'अंक'. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण दरवर्षी गोष्टींच्या गठ्ठ्याला आकड्याचे नाव देत आलो आहोत. कोणाला खटकत नाही. बोलण्याच्या बाकीच्या शब्दांची कुळे निराळी. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत 'कथ्'ऐवजी येणाऱ्या प्राकृत धातूंची यादी दिली आहे, तीत 'बोल्ल' आहे, म्हणजे आपले बोलणे. त्यात मोजण्याचा गंध नाही.

मोजण्याचा आणि बोलण्याचा संबंध मी कोशांच्या आधी खळ्यावर पाहिला होता, फक्त ओळखला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या गावी वजनकाटे आले होते, पण खळ्यावर धान्य अजून पायलीनेच मोजत. मोजायला आजोबा बसत, कारण त्यांच्या मोजण्यावर देणारा आणि घेणारा दोघांचाही विश्वास होता. पहिल्या पायलीला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. मनातल्या मनात मोजणे चालत नसे. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असेच मोजायचे. मुकाट्याने मोजले ते मोजलेच नाही. वीस झाले की बाजूला एक खडा ठेवायचा.

पायली भरेपर्यंत आकडा निसटू नये म्हणून ते तोच आकडा घोळत राहत. अशा वेळी वाटेने जाणारा कोणी हाक मारी, "काय अण्णा, जेवण झालं का?" आजोबा मान वर करत, हसत, आणि त्याच्याकडे बघत उत्तर देत : "सतरा, सतरा, सतरा…"